सर जॉन सोन यांचें लंडनांतील घर : वास्तु आणि पुरावा

लंडन शहरांत लिंकन्स इन फील्ड्स नांवाचें जें विस्तीर्ण मैदान आहे, त्याच्या उत्तर अंगास घरांची एक ओळ आहे. त्या ओळींतील १२, १३ व १४ या अंकांचीं तीन घरें वास्तुशिल्पी सर जॉन सोन (१७५३–१८३७) यांनीं क्रमाक्रमानें विकत घेतलीं, पाडलीं व पुन्हां बांधलीं. आणि त्यांपैकीं मधल्या घरांत ते २० जानेवारी १८३७ रोजीं वारले. त्यांच्या हयातींतच, १८३३ मध्यें, पार्लमेंटकडून त्यांनीं एक खास कायदा करून घेतला होता. त्या अन्वयें हें घर आंतील एकूणएक वस्तूंसह विश्वस्तांच्या स्वाधीन झालें व सर्वांस पाहण्यास खुलें राहिलें.

या घराविषयीं इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि त्या बहुतेक लेखनाचा सूर एकच आहे: हें घर म्हणजे एका विक्षिप्त प्रतिभावंताचें स्वप्न आहे, याला जगांत जोड नाहीं, येथें नियम शोधूं नयेत. आमचें मत याहून वेगळें आहे. हें प्रथम ओळींतलें एक घर आहे, आणि मग आणखी जें काय असेल तें आहे. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशीं सामाईक, पुढें रस्ता, मागें तबेले, आणि उजेड यावयाचा तो पुढून किंवा मागूनच. या अडचणींतून त्यांतील बहुतेक साऱ्या कल्पना निघाल्या आहेत. दुसरें असें कीं, आज दिसतें तें रूप 'सोन यांचें घर' म्हणून पुराव्यांत दाखल करून घेण्यापूर्वीं, एखाद्या पोथीची करावी तशी त्याची पाठचिकित्सा करणें अवश्य आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं जुनीं दप्तरें व पोथ्या जमविण्यांत आयुष्य वेंचलें आहे, त्यांस या दुसऱ्या मुद्यांत विशेष गोडी वाटावी. कारण सोन हे जातीचे संग्राहक होते, आणि संग्राहकाचे गुण व दोष दोन्ही त्यांच्या ठायीं भरपूर होते.

प्रथम ओळीच्या घराविषयीं. इंग्लंडांत १७१४ पासून १८३० पर्यंत जॉर्ज नांवाचे चार राजे लागोपाठ झाले. त्या काळच्या वास्तूंस जॉर्जियन म्हणण्याची वहिवाट आहे. शहरांतील जमीनदार आपली जमीन मुदतीच्या पट्ट्यानें बांधकाम करणाऱ्यास देई, तो तिचे अरुंद व लांबट तुकडे पाडी, आणि प्रत्येक तुकड्यावर रस्त्याकडे तोंड करून एक उभें घर चढवी. तळघरांत स्वयंपाक व नोकरचाकर. त्याच्या पुढें रस्त्याच्या पातळीखालीं एक अरुंद उघडी जागा व रस्त्याच्या पोटांत कोळशाचीं कोठारें. तळमजल्यावर जेवणाची खोली. पहिल्या मजल्यावर बैठकीचे दिवाणखाने, आणि म्हणून तेथील खिडक्या सर्वांत उंच. त्यावर निजण्याच्या खोल्या, तेथील खिडक्या ठेंगण्या. आणि अगदीं माथ्यावर छपराच्या पोटांत मोलकरणी. खिडक्यांच्या उंचीवरून कोणत्या मजल्यावर कोणत्या दर्जाचें माणूस वावरतें हें रस्त्यावरच्या वाटसरूसही सांगतां येई.

या घरांच्या साधेपणाचें श्रेय त्या काळच्या रसिकतेस देण्याची चाल आहे. आमच्या मतें त्यांतील निम्में तरी कायद्यास दिलें पाहिजे. १६६६ च्या आगींत लंडन जळालें. १६६७ च्या कायद्यानें वीट व दगड सक्तीचे झाले. १७०७ च्या कायद्यानें छपराखालच्या लांकडी वळचणी गेल्या व दर्शनी भिंत कठड्यासारखी छपराच्या वर चढली. १७०९ च्या कायद्यानें खिडकीची लांकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आंत सारावी लागली, आणि १७७४ च्या कायद्यानें ती विटांच्या आड जवळजवळ लपलीच. या शेवटच्या कायद्यानें घरांच्या चार प्रती ठरविल्या. पहिल्या प्रतीचें घर म्हणजे ८५० पौंडांहून अधिक किंमतीचें व ९०० चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणारें. प्रत्येक प्रतीस भिंतींची जाडी नेमून दिली आणि देखरेखीस विभागवार सर्व्हेयर नेमले. ज्या सपाट, अलंकारहीन भिंतींस आज अभिजात संयम म्हणून वाखाणतात त्या अशा रीतीनें आगीच्या भयानें घडल्या आहेत. हा १७७४ चा कायदा सिद्ध करणारे दोघे: एक सर रॉबर्ट टेलर व दुसरे धाकटे जॉर्ज डान्स. डान्स हे सोन यांचे गुरु. ही गोष्ट पुढें कामीं येईल.

सोन हे एका गवंड्याचे पुत्र. डान्स व हेन्री हॉलंड यांजपाशीं उमेदवारी, १७७६ मध्यें रॉयल अकॅडेमीचें सुवर्णपदक, १७७८ ते १७८० इटलीचा प्रवास, १७८८ मध्यें बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुशिल्पी म्हणून नेमणूक, इतकें चरित्र येथें पुरे. पत्नी एलिझाबेथ यांचे आप्त जॉर्ज वायट १७९० मध्यें वारले व त्यांची मिळकत या दांपत्याकडे आली. १७९२ मध्यें सोन यांनीं १२ नंबरचें घर घेतलें, पाडून नवें बांधलें व १७९४ मध्यें तेथें बिऱ्हाड केलें. मग १३ नंबर: त्याच्या मागील तबेल्याच्या जागीं १८०८-०९ मध्यें कचेरी व संग्रहालय, आणि १८१२ मध्यें पुढचें मुख्य घर. शेवटीं १८२३-२४ मध्यें १४ नंबर. त्याचा पुढचा भाग भाड्यानें देऊन मागील जागा तेवढी त्यांनीं आपल्या संग्रहास जोडून घेतली. म्हणजे रस्त्यावरून पाहणारास तीन घरें, आणि मागच्या अंगास एकच अखंड इमारत. सामाईक भिंतीचा नियम पुढें पाळला आहे व मागें मोडला आहे.

पुढेंही तो निर्वेध पाळला असें मात्र नाहीं. १२ व १४ या विटांच्या साध्या घरांच्या मध्यें १३ नंबरास पोर्टलंडच्या दगडाची एक ओवरी आहे; तळमजल्यावर व पहिल्या मजल्यावर तीन तीन कमानी, आणि हा सगळा भाग ओळीच्या रेषेपुढें आलेला. माथ्याकडे कोड यांच्या कारखान्यांतील कृत्रिम दगडाच्या दोन स्त्रीमूर्ति आहेत. त्यांचें मूळ अथेन्सच्या एरेक्थियम मंदिरांत. ओवरी पुढें आली म्हणून त्या विभागाचे सर्व्हेयर विल्यम किनार्ड यांनीं १८१२ मध्यें सोन यांस १७७४ च्या कायद्याखालीं न्यायासनापुढें ओढलें. गुरूच्या हातच्या कायद्यानें शिष्य अडचणींत आला! निकाल सोन यांच्या बाजूनें लागला. सोनचरित्र लिहिणारे या प्रसंगीं किनार्डची थट्टा करतात. आम्हांस ती रास्त वाटत नाहीं. ओळीचा धर्मच असा कीं कोणीं पुढें पाऊल टाकूं नये. एकानें टाकलें कीं शेजाऱ्याचा उजेड व रस्त्याची रेषा दोन्ही बिघडतात, आणि हें सांगणें हेंच सर्व्हेयराचें काम. किनार्डनें तें केलें.

परंतु कायद्याच्या प्रश्नाहून कलेचा प्रश्न निराळा आहे. या ओवरीवर एकही खांब अगर अर्धस्तंभ नाहीं. त्या काळच्या कोणाही प्रतिष्ठित वास्तुशिल्प्यानें अशा जागीं ग्रीक अगर रोमन खांब उभे केले असते. सोन यांनीं दगडाच्या सपाट पृष्ठावर नुसत्या खोल रेघा कोरल्या आणि खांबाचें काम त्या रेघांकडून करवून घेतलें. ओळींतील घराचा जो मूळचा कोरेपणा, तोच येथें दगडांत आणि अधिक कडक शिस्तीनें उतरला आहे. रेषा त्यांनीं ओलांडली, पण ओळीची भाषा सोडली नाहीं. आमचा आक्षेप आहे तो दुसऱ्याच वस्तूस. खिडक्यांमधील भिंतीवर चार गॉथिक कोरीव आधारशिला बसविल्या आहेत. त्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या असून मूळच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या होत. ज्या मूर्तींना आधार देण्यास त्या घडल्या त्या मूर्ति त्यांवर नाहींत. त्या शोभेसही पुरत नाहींत व अर्थासही पुरत नाहींत. वास्तुशिल्प्यास न सुचलेली वस्तु संग्राहकानें पुढें सारली कीं असें होतें.

आंत गेल्यावर मात्र टीका थबकते. घराच्या मध्यावर न्याहरीची खोली आहे. ओळीच्या घरांतील मध्यभाग म्हणजे नेहमींची अडचणीची जागा: पुढचा उजेड तेथें पोंचत नाहीं, मागचाही पोंचत नाहीं, आणि दोन्ही बाजूंस भिंत फोडण्याची सोय नाहीं. बहुधा अशा जागीं जिना किंवा कोठी करतात. सोन यांनीं तेथें चार चपट्या कमानींवर एक उथळ घुमट ठेवला आणि तो खोलीच्या भिंतींपासून दोन बाजूंनीं सुटा राखला. घुमट व भिंत यांमध्यें जी फट राहिली तिच्यावर, वर छपरांत, कांचेचीं गवाक्षें आहेत. खुर्चीवर बसलेल्या माणसास गवाक्ष दिसत नाहीं. दिसतो तो भिंतीवरून खालीं निथळणारा उजेड. घुमटाच्या माथ्यास आणखी एक कांचेचा लहानसा कळस. कोपऱ्यांत व कमानींवर बहिर्गोल आरसे जडविले आहेत, त्यांत सगळी खोली लहान होऊन पुन्हां पुन्हां दिसते. हें सारें एका लहानशा खोलींत! छत हें भिंतींवर टेकलेंच पाहिजे ही समजूत सोन यांनीं येथें सोडून दिली. घुमट म्हणजे खोलीच्या आंत उभारलेलें एक छत्र आहे, आणि खोलीची हद्द त्या छत्राच्या पलीकडे कोठें तरी आहे असें वाटत राहतें. जागा वाढविण्यास जमीन नव्हती, म्हणून ती उजेडानें वाढविली. स्वप्न, जादू वगैरे शब्द वापरणारांनीं जमिनीचा नकाशा एकदां समोर ठेवावा, म्हणजे या जादूची गरज कोठून निघाली तें कळेल.

बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतींतही सोन यांनीं हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर योजिली होती. तेथें चोरांच्या भयानें बाहेरील भिंतीस खिडक्या ठेवणें शक्य नव्हतें, म्हणून उजेड वरून घेतला; येथें सामाईक भिंतीमुळें शक्य नव्हतें, म्हणून वरून घेतला. अडचण वेगळी, तोड एकच. दुर्दैवानें ती बँक आज ताडून पाहण्यास उरलेली नाहीं. १९२५ ते १९३९ या काळांत तिची पुनर्रचना करतांना सर हर्बर्ट बेकर यांनीं बाहेरील कोट राखून आंतील सोन यांच्या बहुतेक साऱ्या कचेऱ्या पाडल्या. हे बेकर म्हणजे नव्या दिल्लींतील दोन सचिवालयें बांधणारेच. बँक गेल्यामुळें एके काळीं दुय्यम साधन असलेलें हें घर सोन यांच्या अंतर्रचनेचें मुख्य साधन होऊन बसलें आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक कसोशीनें व्हावयास पाहिजे.

चित्रांच्या खोलीविषयीं थोडक्यांत. हिची लांबीरुंदी जेमतेम बारा-चौदा फूट. पण भिंती म्हणजे बिजागरीवर फिरणारीं मोठीं दारें आहेत, आणि एका दारामागें दुसरें. त्यांवर पुढेंमागें चित्रें टांगल्यानें शंभरावर चित्रें या कोठडीवजा जागेंत मावलीं. हॉगार्थची उधळ्या तरुणाच्या ऱ्हासाची आठ चित्रांची माला येथेंच आहे. ती १८०२ च्या लिलावांत सोन यांच्या पत्नीनें ५७० गिनींस घेतली. निवडणुकीचीं चार चित्रें १८२३ मध्यें १,७३२ पौंड १० शिलिंगांस आलीं. दक्षिणेकडील शेवटचें दार उघडलें कीं भिंतच नाहींशी होते व पाहणारा खालच्या मजल्यावर डोकावूं लागतो. जागेच्या काटकसरीचा हा प्रकार आमच्याकडील पोथ्यांच्या मालकांनीं अभ्यासण्यासारखा आहे.

आतां संग्रहाकडे वळूं. येथें आमचें मत इतकें अनुकूल नाहीं. सोन यांचा संग्रह अफाट आहे: सुमारें ३०,००० वास्तु-आलेख, त्यांत १८३३ मध्यें अवघ्या २०० पौंडांस घेतलेले रॉबर्ट व जेम्स ॲडम यांच्या कचेरीचे हजारों आलेख, जॉन थॉर्प यांचें सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजी घरांच्या नकाशांचें पुस्तक, कार्डिनल ग्रिमानी यांजकरितां ज्युलिओ क्लोव्हिओनें चित्रें काढलेली संत पॉलच्या पत्रांवरील टीकेची हस्तलिखित प्रत. कागद जपण्याच्या कामीं सोन यांस नांवें ठेवण्यास जागा नाहीं. पण दगडांच्या बाबतींत त्यांनीं अस्सल व नक्कल यांची सरमिसळ केली. रोमन अवशेषाच्या बाजूस प्लास्टरची ओतीव प्रत, तिच्या बाजूस स्वतःच्या कारागिरानें घडविलेला नमुना. अपोलो बेल्व्हेडेरची मोठी प्लास्टर प्रत अस्सल तुकड्यांच्या गर्दींत अशा डौलानें उभी आहे कीं, अजाण माणसानें तिलाच मूळ समजावें. कोणता तुकडा कोणत्या जागेंतून निघाला हें वस्तूवर लिहिलेलें नाहीं. शिष्यांस आकार शिकविण्यास हें चालतें. १८०६ पासून सोन हे रॉयल अकॅडेमींत वास्तुशास्त्राचे प्राध्यापक होतेच. इतिहासाच्या कामीं तें चालत नाहीं.

याहून विचार करण्यासारखें प्रकरण तळघरांतील साधूच्या दालनाचें. १४ नंबरच्या मागील जागेंत सोन यांनीं 'पाद्रे जिओव्हानी' नांवाच्या एका संन्याशाची खोली, त्याचें अंगण, मठाचे भग्न अवशेष व समाधि असा सगळा थाट उभारला. असा संन्याशी कधींच झाला नाहीं. जिओव्हानी म्हणजे जॉन, अर्थात् सोन स्वतःच. भग्नावशेष मात्र खरे आहेत: वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यांतील ते दगड सोन यांच्याच सरकारी कामांच्या वेळीं निघाले. आणि समाधि? तिच्यांत सोनबाईंची फॅनी नांवाची कुत्री पुरली आहे. गॉथिक अवशेषांचें वेड त्या वेळीं इंग्लंडांत बोकाळलें होतें, त्याची ही टवाळी आहे हें उघड दिसतें. तरीही आमच्या शास्त्राच्या दृष्टीनें हा व्यवहार बनावट कागदाच्या व्यवहारासारखाच आहे: कागद जुना, शिक्का खरा, मजकूर खोटा. अशा कागदानें किती घोटाळे होतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. थट्टेचा साक्षी जिवंत आहे तोंवर ती थट्टा. तो गेला कीं तो पुरावा होऊन बसतो.

शवपेटिकेच्या बाबतींत मात्र सोन यांची दृष्टि ब्रिटिश म्युझियमहून पुढें होती. ईजिप्तचा राजा पहिला सेती याच्या थडग्यांतील ही आलाबास्टरची पेटी बेल्झोनीनें १८१७ मध्यें शोधून काढली. म्युझियमनें २,००० पौंड देण्याचें नाकारलें. सोन यांनीं १८२४ मध्यें ती त्याच किंमतीस घेतली, घराची मागील भिंत फोडून आंत आणली, आणि १८२५ च्या मार्चमध्यें तीन रात्री दिव्यांच्या प्रकाशांत ती लोकांस दाखविली. शांपोल्योंनें चित्रलिपीची किल्ली १८२२ मध्येंच प्रसिद्ध केली होती. पण पेटींवरील मजकूर वाचणारा त्या मेजवानीस कोणी नव्हता. वाचतां न येणारा लेख वाचतां येईल या भरंवशावर जपून ठेवणें, हें संग्राहकाचें खरें काम येथें साधलें आहे.

या साऱ्या दोषांची जाणीव सोन यांस नव्हती असें म्हणावें, तर त्यांचें एक हस्तलिखित आड येतें. १८१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत, १३ नंबरचें घर अर्धें पाडलेलें व अर्धें बांधलेलें असतांना, त्यांनीं आपल्या घराच्या इतिहासाचा एक कच्चा खर्डा लिहिला. त्यांत त्यांनीं असें कल्पिलें आहे कीं, पुढें केव्हां तरी हें घर उजाड झालें, बांधणाराचें नांव विसरलें गेलें, आणि एक पुराणवस्तु-संशोधक त्या ओसाड भिंतींत हिंडून तर्क लढवीत आहे. हें रोमन देऊळ असावें काय? कीं जोगिणींचा मठ? कीं एखाद्या जादूगाराचें वसतिस्थान? प्रत्येक तर्कास आधारभूत अवशेष सांपडतो, आणि प्रत्येक तर्क पुढच्या अवशेषावर आपटून फुटतो.

हा खर्डा आम्हांस या घरांतील सर्वांत मोलाची वस्तु वाटते. त्यांत संशोधकाची थट्टा आहे, आणि ती झोंबणारी आहे. कारण तो संशोधक मूर्ख नाहीं. त्याची नजर सूक्ष्म आहे, त्याचें वाचन दांडगें आहे, त्याचे अनुमानाचे टप्पे आपल्या नेहमींच्या लेखांतील टप्प्यांसारखेच आहेत. त्याच्यापाशीं नाहीं तो फक्त एक कागद: हें घर कोणीं, कोणत्या सालीं, कशाकरितां बांधलें हें सांगणारा. नुसत्या दगडांवरून इतिहास रचणाराची काय गत होते याचें प्रात्यक्षिक सोन यांनीं स्वतःच्या घरावर करून दाखविलें. पण त्याच खर्ड्याच्या अंतीं सूर पालटतो व लेखक आपल्या श्रमांच्या व्यर्थतेविषयीं खिन्न होतो. तेथें थट्टा उरत नाहीं. दोन्ही मुलांपैकीं एकानेंही आपला व्यवसाय चालवावा ही त्यांची इच्छा सफळ होण्याचीं चिन्हें नव्हतीं, आणि घर तर त्यांच्याचकरितां बांधलें जात होतें.

घाव आला तो धाकट्या मुलाकडून. १८१५ च्या सप्टेंबरांत 'चँपियन' या लंडनच्या पत्रांत इंग्लंडांतील वास्तुकलेच्या हीन दशेविषयीं दोन निनांवी लेख आले. त्यांत सोन यांच्या कामांचा उपहास होता व या घराचाही होता: बाहेरून तें इतकें जड व उदास आहे कीं, एखाद्या मृताच्या स्मारकासारखें दिसतें, असा त्याचा भाव. लेखक पुत्र जॉर्ज आहे हें लौकरच उघडकीस आलें. आई आधींच आजारी होती. ती २२ नोव्हेंबर १८१५ रोजीं वारली. सोन यांनीं ते दोन्ही लेख चौकटींत बसविले, त्यांवर ते जॉर्जनें दिलेले मरणाचे घाव असल्याचें तारखांसह लिहविलें आणि घरांत टांगून ठेवले.

टीकाकाराच्या हेतूवरून टीकेची किंमत करूं नये, असें आपण एरवीं म्हणतों. येथें तें म्हणणें जड जातें. तरी म्हटलें पाहिजे. जॉर्जच्या लेखांतील हेतु नीच होता. कर्जबाजारी मुलानें पैसा देत नाहीं म्हणून बापाची बेअब्रू करावी व तीही नांव चोरून, याला दुसरा शब्द नाहीं. पण घर थडग्यासारखें दिसतें हें निरीक्षण खोटें नाहीं. कोरलेल्या रेघा, उथळ घुमट, वरून निथळणारा उजेड, हीं सोन यांनीं डलिचच्या चित्रशाळेंतील समाधिगृहांतही योजिलीं आहेत, आणि पत्नीच्या समाधीवर १८१६ मध्यें उभारलेलें छत्र हें न्याहरीच्या खोलींतील घुमटाचेंच दगडी भावंड आहे. (लंडनच्या रस्त्यांवरील लाल टेलिफोन-कोठड्यांचा माथाही पुढें या छत्रावरून घेतला गेला.) जॉर्जची चूक हा दोष मानण्यांत झाली. घर व समाधि यांमध्यें सोन यांनीं रचनेचा भेद केला नाहीं, हेंच या वास्तूचें वैशिष्ट्य आहे. बापानेंही तें मनांत ओळखलें असावें, असें १८१२ च्या खर्ड्यावरून आम्हांस वाटतें. मुलानें तें तीन वर्षांनीं छापलें इतकेंच.

१८३३ च्या कायद्याचें मूळ या कलहांत आहे. थोरला मुलगा १८२३ मध्यें वारला. घर जॉर्जच्या हातीं जाऊं नये, याकरितां पार्लमेंटचा खास कायदा हा एकच पक्का उपाय होता. जॉर्जच्या वतीनें विल्यम कॉबेट यांनीं त्यास सभागृहांत विरोध केला, तो फुकट गेला. घर व संग्रह सोन यांच्या मृत्युसमयीं असेल त्याच स्थितींत शक्य तितकें राखावें, अशी अट त्या कायद्यांत आहे. या एका अटीमुळें संग्रह फुटला नाहीं. दुसऱ्या कोणत्याही संग्रहालयांत शवपेटिका एका शहरीं, आलेख दुसऱ्या खात्यांत आणि चित्रें तिसऱ्या दालनांत गेलीं असतीं.

पण अटींतील 'मृत्युसमयीं' हा शब्द नीट तपासला पाहिजे. सोन हे शेवटपर्यंत घर बदलीत होते. दर्शनी ओवरी मूळ उघडी होती; तिला कांचा त्यांनींच मागाहून बसविल्या. शवपेटिका आली तेव्हां तळघराची मांडणी बदलली, १४ नंबर आलें तेव्हां चित्रांची बदलली. म्हणजे १७९४, १८१३, १८२५ व १८३७ हे निदान चार पाठ झाले, आणि कायद्यानें त्यांतील शेवटचा प्रमाण ठरविला. वृद्ध ग्रंथकारानें शेवटीं फिरविलेला हात सर्वोत्तम असतोच असें नाहीं. पण पाठ एकदां ठरवावा लागतो, व ठरविणारा ग्रंथकार स्वतः असेल तर तक्रारीस जागा थोडी. तक्रार आहे ती पुढच्या लेखनिकांविषयीं. कायद्याची अट डोक्यावर असतांही एकोणिसाव्या शतकांतील क्युरेटरांनीं खोल्या फिरविल्या. दुसऱ्या मजल्यावरील सोन यांच्या खाजगी खोल्या तर त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळांत क्युरेटरच्या राहण्याकडे लागल्या. तिवोली म्हणून ओळखला जाणारा मूर्तींचा कोनाडा सुमारें शंभर वर्षें नाहींसाच होता. दुसऱ्या महायुद्धांत बॉम्बच्या धक्क्यानें रंगीत कांचाही फुटल्या.

२०११ नंतर हातीं घेतलेल्या व २०१६ मध्यें संपलेल्या जीर्णोद्धारांत या खोल्या, नमुन्यांची खोली व तो कोनाडा पुन्हां सिद्ध केला गेला. कामास आधार होता तो जुन्या याद्यांचा, सोन यांनीं १८३०, १८३२ व १८३५ मध्यें छापलेल्या घराच्या वर्णनाच्या तीन आवृत्तींचा, आणि त्या काळच्या जलरंगी चित्रांचा. जीर्णोद्धार सचोटीचा आहे. मात्र आधारांची प्रतवारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. याद्या सर्वांत विश्वसनीय, कारण त्या मोजदादीकरितां केल्या गेल्या. छापील वर्णनें मालकानें आपल्या घराची केलेली स्तुति. तीं वस्तूंच्या जागेविषयीं खरीं, त्यांच्या महत्त्वाविषयीं संशयास्पद. आणि जोसेफ गँडीचीं चित्रें सर्वांत मोहक व सर्वांत धोक्याचीं: हा चित्रकार सोन यांच्याच पदरचा, आणि त्याची नजर अशी कीं १८३० मध्यें त्यानें उभी असलेली बँक ऑफ इंग्लंड पडक्या अवशेषांसारखी रंगविली. घरांतील खोल्या त्यानें जागेहून मोठ्या व उंच दाखविल्या आहेत. रंगाकरितां त्याची साक्ष घ्यावी, मापाकरितां घेऊं नये.

शेवटीं कुलपांविषयीं. सोन यांनीं घरांतील कांहीं कप्पे मोहोरबंद करून ठेविले होते आणि ते पत्नीच्या मृत्युतिथीस, १८६६, १८८६ व १८९६ या वर्षीं, विश्वस्तांसमक्ष उघडावे अशी आज्ञा केली होती. ती आज्ञा पाळली गेली. काय निघतें म्हणून लोक साठ वर्षें उत्सुक होते. निघाले ते बहुतेक जुने घरगुती कागद व किरकोळ वस्तु, आणि जमलेल्यांची निराशा झाली. १८१२ चा खर्डा त्या कप्प्यांत नव्हता. तो इतर कागदांबरोबर घरांतच होता, आणि संपूर्ण छापून निघाला तो १९९९ मध्यें.